सरकार पडलं नाही, तरी मंत्री का बदलतात?



तलवाड्यात गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहा ठेवला. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "बायांनो, मंत्री बदलणार हायेत म्हणं. मग माझी निराधारची पगार बंद पडंल का?" आम्ही विचारलं, "कुणी सांगितलं?" तर गावात एक जण सांगत फिरत होता, की सरकारवर ठराव आला होता, आता मंत्री बदलणार, मंत्री बदलला की जुने अर्ज रद्द, नवा अर्ज भरायचा, आणि त्याचे तीनशे रुपये. मावशींनी पैसे दिलेही होते.

तीनशे रुपये म्हणजे मावशींची एका दिवसाची मजुरी. ती एका अफवेनं गेली. म्हणून त्या दिवशी आम्ही ठरवलं, की या विषयावर एक भाषण रेडिओवर करायचं. आपला रेडिओ कुठल्या पक्षाचा नाही. कोणता मंत्री जावा आणि कोणता यावा, हे आपण इथं बोलत नाही. पण ठराव म्हणजे काय, फेरबदल म्हणजे काय, आणि त्यानं आपल्या घरात काय बदलतं, हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं.

आधी शब्द समजून घेऊ

गावापासून सुरुवात करू. सरपंचावर अविश्वास ठराव आलेला आपण ऐकलेला आहे. सदस्य तहसीलदारांकडे नोटीस देतात, तहसीलदार सभा बोलावतात, मतदान होतं. जिथं सरपंच थेट जनतेनं निवडलेला असतो, तिथं सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी ठराव मंजूर केला तरी काम संपत नाही. तो ग्रामसभेपुढं जातो आणि गावकरी गुप्त मतदानानं शेवटचा निर्णय देतात. ज्यांनी निवडून दिलं, त्यांनाच काढायचा अधिकार, असा त्यामागचा साधा हिशेब आहे.

मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान मात्र आपण थेट निवडत नाही. आपण आमदार आणि खासदार निवडतो. त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा ज्याला पाठिंबा, तो मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान. म्हणून त्याच्यावर विश्वास आहे की नाही, हे सभागृहच ठरवतं. आपल्या राज्यघटनेत लिहिलं आहे, की मंत्रिमंडळ लोकसभेला, आणि राज्यात विधानसभेला, सामूहिकपणे जबाबदार आहे. यातला 'सामूहिकपणे' हा शब्द महत्त्वाचा. अविश्वास ठराव एका मंत्र्यावर येत नाही, सगळ्या मंत्रिमंडळावर येतो. मंजूर झाला, की चांगले काय, वाईट काय, सगळेच घरी जातात.

लोकसभेत असा ठराव मांडायचा तर किमान 50 खासदारांचा पाठिंबा लागतो. त्यात कारण लिहावं लागत नाही. 'आमचा विश्वास नाही' एवढं पुरतं.

निंदाव्यंजक ठराव वेगळा. त्यात कारण सांगावं लागतं, आणि तो एका मंत्र्याच्या कारभारावरही आणता येतो. तो मंजूर झाला म्हणून सरकारला कायद्यानं राजीनामा द्यावा लागत नाही, पण तोंडाला काळं लागतं. आणि सरकार स्वतःहून 'आमच्यामागं बहुमत आहे, मोजून घ्या' म्हणतं, तो विश्वासदर्शक ठराव. आपल्या विधानसभेत 4 जुलै 2022 ला झाला तो हाच. सरकारच्या बाजूनं 164 मतं पडली, विरोधात 99.

आता पुढचे तीन शब्द. नवे मंत्री घेतले की 'विस्तार'. काही काढले, काही घेतले, की 'फेरबदल'. माणसं तीच ठेवून कामं बदलली, की 'खातेबदल'.

हे आपल्या गटासारखंच आहे. सगळ्या सभासदांनी मिळून अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळ्यांनाच उतरवलं, तर तो अविश्वास. अध्यक्षांनी सचिवाला कोषाध्यक्ष केलं आणि कोषाध्यक्षाला सचिव, तर तो खातेबदल. पण दोन्ही वेळेला गट तोच राहतो. रजिस्टर तेच, बँकेतलं खातं तेच, आणि कर्जाचा हप्ताही तोच. नवा अध्यक्ष आला म्हणून कुणाचं कर्ज माफ होत नाही, की कुणाची बचत बुडत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा.

1963 सालची गोष्ट

ठराव हरला, सरकार टिकलं, आणि तरी दोन दिवसांत मोठमोठे मंत्री गेले, असं आपल्या देशात खरंच घडलेलं आहे. तेव्हा पंडित नेहरू पंतप्रधान होते.

1962 च्या शेवटी चीननं आपल्यावर हल्ला केला आणि आपला पराभव झाला. लोक चिडले होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' असं आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होतं, ते तेव्हाचंच.

पुढच्या वर्षी लोकसभेच्या तीन महत्त्वाच्या पोटनिवडणुका झाल्या आणि तिन्ही ठिकाणी नेहरूंचा काँग्रेस पक्ष हरला. त्यातून आचार्य कृपलानी, डॉ. राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी हे तीन तगडे विरोधक लोकसभेत आले. ऑगस्ट 1963 मध्ये कृपलानींनी सरकारवर अविश्वास ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला हा पहिलाच अविश्वास ठराव.

चार दिवस चर्चा चालली. त्यात लोहियांनी विचारलेला प्रश्न आजही आठवला जातो. ते म्हणाले, की या देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारकडून उत्तर आलं, की नाही, पंधरा आणे. गरीब माणसाच्या ताटात रोज नेमकं किती पडतं, यावर देशाच्या संसदेत हुज्जत झाली. मैत्रिणींनो, चूल आपण चालवतो, म्हणून तीन आणे आणि पंधरा आणे यातला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

22 ऑगस्टला मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं 62, विरोधात 347. नेहरूंचं सरकार आरामात टिकलं.

आणि दोनच दिवसांनी, 24 ऑगस्टला, मोठी बातमी आली. केंद्रातले सहा मंत्री आणि सहा राज्यांचे मुख्यमंत्री पद सोडणार! अर्थमंत्री मोरारजी देसाई, गृहमंत्री लालबहादूर शास्त्री, वाहतूक खातं सांभाळणारे जगजीवनराम, अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील, माहिती व नभोवाणीमंत्री गोपाल रेड्डी आणि शिक्षणमंत्री श्रीमाली. यातले स. का. पाटील आपल्या मराठी मुलखातले, मुंबईचे मोठे पुढारी. अमेरिकेतून गहू आणण्याचा 1960 सालचा मोठा करार त्यांच्याच सहीनं झाला होता. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हा मारोतराव कन्नमवार होते. त्यांचं नाव यादीत आलं नाही.

आता वरवर पाहिलं तर वाटतं, की ठरावाला घाबरून मंत्री काढले. पण थोडं मागं जाऊन तारखा बघा. मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांनी एक योजना मांडली होती, की ज्येष्ठ नेत्यांनी खुर्च्या सोडून पक्षाच्या कामाला लागावं. काँग्रेसच्या कार्यकारिणीनं ती योजना 10 ऑगस्टलाच मान्य केली होती, म्हणजे मतदानाच्या आधी. कामराजांनी स्वतःचाही राजीनामा दिला. म्हणजे ठराव आला म्हणून फेरबदल झाला, असं सरळ म्हणता येत नाही. युद्धातली हार, पोटनिवडणुका आणि लोकांची नाराजी, या एकाच कारणातून दोन्ही गोष्टी निघाल्या होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आपण कावळ्याला दोष देतो. बातमी ऐकताना हे भान ठेवायचं.

तर्कवितर्क तेव्हाही झाले. सगळ्यांचे राजीनामे नेहरूंच्या हातात, मग कोण राहणार आणि कोण जाणार? यादी आल्यावर काही जण म्हणाले, की पक्षासाठी त्याग वगैरे सगळं बोलायचं, खरं तर मोरारजींना बाजूला करायचं होतं. मोरारजींना स्वतःलाही तसंच वाटत होतं. आणि ज्यांचं राजकारण आता संपलं असं अनेकांना वाटलं असेल, ते लालबहादूर शास्त्री पाच महिन्यांत मंत्रिमंडळात परत आले, आणि नेहरूंच्या निधनानंतर जून 1964 मध्ये थेट पंतप्रधान झाले. अंदाज बांधणाऱ्यांचं गणित असं चुकतं.

या गोष्टीतली बाई

या फेरबदलाची एक बाजू आम्हाला फार मोलाची वाटते.

राजीनामा दिलेल्या सहा मुख्यमंत्र्यांत उत्तर प्रदेशचे चंद्रभानू गुप्ता होते. त्यांच्या जागी कोण आलं? सुचेता कृपलानी. 2 ऑक्टोबर 1963 रोजी त्या मुख्यमंत्री झाल्या. भारतातल्या कुठल्याही राज्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री.

आडनाव ओळखीचं वाटलं ना? अविश्वास ठराव मांडणाऱ्या आचार्य कृपलानींच्या त्या पत्नी. नवरा विरोधी बाकावर, बायको काँग्रेसमध्ये. नवऱ्यानं ज्या पक्षाच्या सरकारवर अविश्वास दाखवला, त्याच पक्षानं बायकोला देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याची जबाबदारी दिली. आणि ती काही नवऱ्याच्या नावावर मिळाली नव्हती. सुचेताताई स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या, घटना तयार करणाऱ्या सभेच्या सदस्य, आणि मुख्यमंत्री व्हायच्या आधी त्याच राज्यात मंत्री होत्या. त्यांच्या काळात सरकारी कर्मचाऱ्यांचा 62 दिवसांचा संप झाला, त्यालाही त्यांनी तोंड दिलं. 1967 पर्यंत त्यांनी राज्य चालवलं.

नवऱ्याचं मत वेगळं आणि बायकोचं वेगळं, तरी संसार एक. ग्रामसभेत हात वर करताना घरच्यांकडं बघणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी ही गोष्ट घरी जरूर सांगावी.

फेरबदल म्हणजे नुसता खुर्च्यांचा खेळ नाही, हे यातून कळतं. खुर्ची रिकामी होते, तेव्हा बाईला जागा मिळू शकते. आणि मिळत नाही, असंही होतं. आपल्याच राज्यात 30 जून 2022 रोजी दोघांचा शपथविधी झाला आणि पुढं चाळीस दिवस दोघंच राज्य चालवत होते. 9 ऑगस्टला 18 मंत्री घेतले, त्यात एकही बाई नव्हती. 2 जुलै 2023 रोजी आदिती तटकरे यांचा शपथविधी झाला, तेव्हा कुठं त्या मंत्रिमंडळात पहिली महिला मंत्री आली. म्हणजे एक वर्षभर, महिलांच्या खात्यासकट, सगळ्या खात्यांचे निर्णय पुरुष मंत्री घेत होते. डिसेंबर 2024 च्या मंत्रिमंडळात चार महिला आल्या, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या पंकजा मुंडेही आहेत. महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री मात्र आजवर मिळालेली नाही.

सरकार टिकलं, मग फेरबदलाची चर्चा का?

याची कारणं घरगुती भाषेत सांगता येतात.

लग्नात कोण आलं, कोण आलं नाही, हे घरची बाई विसरत नाही. मतदानात कोण सोबत उभं राहिलं, कोण गैरहजर राहिलं, हेही नेते विसरत नाहीत. सोबत राहिलेल्यांना बक्षीस हवं असतं.

दुसरं, चर्चेत एखाद्या खात्याचा कारभार उघडा पडतो. सरकार सभागृहात 'चूक झाली' म्हणत नाही, पण नंतर गुपचूप खातं बदलतं. मंत्री राहतो, काम बदलतं.

तिसरं, जागा मोजक्या आहेत. 2003 सालच्या घटनादुरुस्तीनं मर्यादा घातली, की मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडं आमदार 288, म्हणजे मंत्री जास्तीत जास्त 43. भाकरी 43 आणि पंगतीला बसणारे कितीतरी जास्त. म्हणून एक जागा रिकामी झाली, की दहा नावांची चर्चा होते. यातली काही नावं तर ज्यांना मंत्री व्हायचंय, तेच पुढं सोडत असतात!

बातमी ऐकताना काय पाहायचं?

'सूत्रांच्या माहितीनुसार', 'जोरदार चर्चा', 'हालचालींना वेग', 'शक्यता नाकारता येत नाही' असे शब्द आले, की समजायचं, अजून काही झालेलं नाही. मंत्री कोण हे मुख्यमंत्री ठरवतात आणि राज्यपाल नेमणूक करतात. शपथ झाली, म्हणजे मंत्री झाला. खातेवाटप जाहीर झालं, म्हणजे खातं मिळालं. त्याआधीचं सगळं म्हणजे पाऊस यायच्या आधीचं आभाळ. कधी पडतो, कधी नुसताच गरजतो.

खातं बदलल्याचं एक खरं उदाहरण पाहा. 31 जुलै 2025 रोजी आपल्या राज्यात कृषी खातं माणिकराव कोकाटे यांच्याकडून दत्तात्रय भरणे यांच्याकडं गेलं आणि क्रीडा खातं कोकाटे यांच्याकडं आलं. त्याआधी कित्येक दिवस चर्चा चालू होती. पण त्या चर्चेच्या दिवसांत आणि खातं बदलल्यावरही, तालुक्याचं कृषी कार्यालय तिथंच होतं आणि शेतकऱ्याचा सातबारा तोच होता.

आपल्या घरात काय बदलतं?

योजना मंत्र्याच्या खिशात नसते. ती कायद्यानं किंवा शासन निर्णयानं चालते. त्या कागदाला आपण 'जीआर' म्हणतो. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. मंत्री बदलला म्हणून जीआर रद्द होत नाही. त्यासाठी नवा जीआर काढावा लागतो. म्हणून कुणी म्हणालं, 'नवा अर्ज भरा', तर एकच प्रश्न विचारायचा, 'जीआरचा क्रमांक काय?' निराधार योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, ते वेगळं. त्याचा मंत्री बदलण्याशी संबंध नाही.

मग मंत्री बदलल्यानं काहीच फरक पडत नाही का? पडतो. कुठल्या कामाला आधी पैसा, कुठली फाईल आधी हलते, कुठला नवा निर्णय निघतो, यात मंत्र्याचा शब्द चालतो. पालकमंत्री बदलला तर त्याहून जास्त फरक पडतो, कारण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तो असतो, आणि जिल्ह्याच्या विकासनिधीची वाटणी तिथं ठरते. आपल्या वस्तीचा रस्ता, अंगणवाडीची खोली यांचा मार्ग पुष्कळदा तिथूनच जातो.

म्हणून प्रत्येक गटानं रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एक यादी करावी. आपलं काम कोणत्या खात्याकडं, ते लिहावं. रेशन म्हणजे अन्न व नागरी पुरवठा. बचतगट आणि उमेद म्हणजे ग्रामविकास. अंगणवाडी आणि लाडकी बहीण म्हणजे महिला व बालविकास. नळाचं पाणी म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छता. निराधारचं मानधन आणि ऊसतोड कामगारांचं महामंडळ म्हणजे सामाजिक न्याय. उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बायांच्या कामाचं हे शेवटचं खातं, म्हणून ते ठळक लिहा.

खातं बदललं, की त्या नावापुढं नव्या मंत्र्याचं नाव लिहायचं. आणि आपलं अडलेलं काम असेल, तर गटाच्या ठरावानं नव्या मंत्र्याला निवेदन पाठवायचं. जुन्या निवेदनाची पोच जोडायची. नवा माणूस पहिल्या महिन्यात जेवढं ऐकून घेतो, तेवढं नंतर ऐकत नाही. त्याच्याकडं हार घेऊन जाणारे पुष्कळ असतात, कागद घेऊन जाणाऱ्या आपण असू.

मावशींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही चौघीजणी त्यांच्यासोबत त्या माणसाकडं गेलो. भांडण केलं नाही. फक्त जीआरचा क्रमांक मागितला. तो म्हणाला, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी क्रमांक आला नाही, तीनशे रुपये आले.

तुमच्या गावातही असं कुणी सांगत असेल, तर पैसे द्यायच्या आधी गटाच्या बैठकीत बोला. आणि तुमच्या गटाची खात्यांची यादी तयार झाली, की आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात जिल्हा नियोजन समिती कशी चालते, ते सांगू.